नर अज्ञात

परभणीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीलगतच्या बाकड्यावर महारुद्र डोळे मिटून बसला होता. सिस्टरनं दुसऱ्यांदा थेंब घातले होते आणि अर्धा तास डोळे उघडू नका म्हणून बजावलं होतं. शेजारी त्याची बायको शिवकन्या मांडीवर पर्स धरून बसली होती. खिशात फोन थरथरला आणि बजावलेलं विसरून त्यानं डोळे उघडले. बाहुल्या फाकल्या होत्या. उजेड दार मोडून आल्यासारखा आत घुसला. पडद्यावरची अक्षरं भिजलेल्या कापसासारखी फुगली होती, एक ओळ लागेना. पण मजकुराच्या मधोमध एक चित्र होतं, ते मात्र त्याला दिसलं. पुसट, दुहेरी, कडा विरघळलेलं, तरी दिसलं. जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या मादीला पोटाखाली एक कडक चकती असते, मोहरीच्या दाण्याहून लहान. जात ओळखायची तर ती बघावी लागते. रंग, पट्टे, ठिपके सगळे फसवे. चित्रातल्या चकतीतून जिभेसारखा एक भाग पुढं आला होता, आणि त्या जिभेचं टोक दुभंगलेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी हेच दुभंगलेलं टोक शिसपेन्सिलीनं काढून त्याच्या टेबलावर आलं होतं, आणि त्यानं विचारलं होतं, "पेन्सिल दोनदा फिरली का गं?"

"काय आलंय?" शिवकन्यानं विचारलं.

"वाच."

"इंग्रजीत हाय."

"मग इंग्रजीत वाच."

तिनं चष्मा चढवला आणि बँकेचा फॉर्म वाचावा तसं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. कोळ्याची नवी जात. येलदरी जलाशय, जिल्हा परभणी. पाण्यात उभ्या वाळक्या बाभळींवर जाळी. प्रौढ माद्या पाच. वर्णन करणारे दोघं, कुठल्यातरी दूरच्या राज्यातले, नावं महारुद्रनं कधी न ऐकलेली. मग ती थांबली. "मेल अननोन. म्हंजे काय ओ?"

"नर अज्ञात. नर सापडलेला नाही अजून."

"अगबाई. म्हंजे बाईचं लगीन व्हायचंय." ती हसली. बाकड्यावर डोळे मिटून बसलेले दोघं-तिघंही न बघताच हसले. महारुद्र म्हणाला, "फोन दे इकडं." त्यानं तो खिशात ठेवला आणि डोळे पुन्हा मिटले. पापण्यांच्या आत तांबडा उजेड होता आणि त्या तांबड्यात ती जीभ तशीच उभी होती.

आपल्याला वाईट वाटलं का, हे त्यानं नंतर बऱ्याचदा तपासून पाहिलं. वाईट वाटलं नव्हतं. पहिला विचार आला तो असा, की नर आहे. नर भक्तीकडे होता, ते पेन्सिलीचं चित्र काढणाऱ्या त्याच्या जुन्या विद्यार्थिनीकडे. त्या दोघांनी पाच माद्या धरल्या, जगाला दाखवल्या, नाव ठेवलं. पण अर्धी जात अजून अंधारात आहे आणि ती अर्धी कुठं आहे हे या पृथ्वीवर फक्त आपल्याला माहीत आहे. पहिल्यांदा नराचं वर्णन जो करील, त्याचं नाव त्या जातीच्या नोंदीत कायमचं राहणार. महारुद्रला निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. पस्तीस वर्षं कोळ्यांत गेली. तालुक्यातालुक्याच्या याद्या केल्या, कापसातले कोळी, ज्वारीतले कोळी, गोदामातले कोळी, एक्केचाळीस निबंध. नवी जात एकही नाही. निरोपाच्या भाषणात कुणीतरी 'मराठवाड्यातल्या कोळ्यांचे जाणकार' म्हणेल आणि मागच्या रांगेतला एखादा तरुण प्राध्यापक शेजाऱ्याच्या कानात विचारील, सरांच्या नावावर किती जाती आहेत हो?

भक्ती येलदरीची. तिचा बाप, सटवाजी भोई, धरणात मासे धरायचा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या बाभळी तशाच पाण्यात उभ्या राहून वाळल्या होत्या, आणि बापाच्या नावेतून त्या बाभळींपर्यंत जाऊन तिनं हे कोळी धरले होते. एम.एस्सी.ला पहिली आली म्हणून महारुद्रनं तिला पीएच.डी.ला घेतलं, खरं तर कुणीतरी घेणं भाग होतं म्हणून घेतलं. विभागाच्या सेमिनारचा तो दिवस त्याला आठवत नाही असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि आता डोळ्यांत औषध घालून बसल्यावर तो इतका लख्ख आठवला की खिडकीच्या गजांची सावली कुठं पडली होती तेही दिसलं. तिनं फळ्यावर चित्रं लावली होती. बाजूच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून त्याचा दिवासुद्धा लावून ठेवला होता. ती म्हणाली, "सर, ही वेगळी जात हाय असं मला वाटतं." तो म्हणाला, "तुला वाटतं?" मग सगळ्या वर्गाकडं वळून म्हणाला, "बरोबरच आहे. कोळ्याच्या घरी कोळी सापडायचाच." वर्ग हसला. ती खाली बघत म्हणाली, "सर, आमी कोळी न्हाई. भोई हाव." तेव्हा वर्ग दुप्पट हसला. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "एकदा बघा सर. लावून ठेवलंय." तो वाकला नाही.

का वाकला नाही? त्या वर्षी त्याची पाठ धरली होती, कमरेला पट्टा होता. हे खरं होतं. बरीच वर्षं त्यानं या कारणावर भागवलं. मग ते पुरेना झालं तेव्हा दुसरं होतं. दारात सटवाजी उभा होता. लेकीचा कार्यक्रम आहे म्हणून येलदरीहून आला होता आणि सरांसाठी नायलॉनच्या पिशवीत मोठी मरळ घेऊन आला होता. पिशवीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. महारुद्रच्या गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नाही. त्यानं रुमाल नाकाला लावला आणि शिपायाला खुणेनं सांगितलं, त्याला बाहेर काढ. त्या वासात कोण डोळा लावणार होतं काचेला? हेही खरंच होतं. पण तिसरं कारण होतं, आणि बंद खोलीवरून जाताना आपण पाय उचलतो तसा तो त्याच्यावरून जात आला होता. सत्ताविसाव्या वर्षी त्यानं स्वतः प्रबंध लिहिला होता. येलदरीच्या काठावर तो एकदाच गेला. पाण्याची त्याला भीती वाटे. काठावरून त्यानं एका मच्छीमाराला हाक मारली, त्यानं काठीवर जाळ्यासकट एक कोळी आणून दाखवला, हातभर अंतरावरून. महारुद्रनं वहीत लिहिलं: साधा बाग-कोळी, सर्वत्र आढळतो. त्या ओळीवर त्याला पदवी मिळाली होती. भक्तीचा कोळी नवा असला तर ती ओळ खोटी होती. एवढंच. वाकलं असतं तर दिसलं असतं.

त्यानं तिच्या दोन्ही बाटल्यांवर उभ्याउभ्या 'साधा' असं लिहून सही केली. ती म्हणाली, "नर पण हाय सर माझ्याकडं. त्यो उद्या आणते." तो म्हणाला, "नको आणू." त्यानंतर तीन महिने ती येत राहिली, तो तिच्याशी बोलत नसे, दुसऱ्या विद्यार्थ्यांकरवी निरोप धाडी. मग एके दिवशी कुणीतरी सांगितलं की तिनं हॉस्टेलची खोली सोडली. पुढं कळलं, वालूरला दिली. त्यावर त्यानं विचारलं होतं, "कपाटाची किल्ली ठेवली का तिनं?"

दुसऱ्या दिवशी डोळे निवळल्यावर तो विभागात गेला आणि लोखंडी कपाटाच्या तळातून त्या दोन बाटल्या काढल्या. स्पिरिट केव्हाच उडून गेलं होतं. तळाला माद्यांचा चुरा होता, चिमूटभर. चिठ्ठीवरचं त्याचं अक्षर मात्र जसंच्या तसं होतं. त्यानं दोन्ही बाटल्या कचऱ्यात टाकल्या, वर कागदाचे बोळे टाकले, आणि रविवारी सकाळी शिवकन्याला सेलूला काम आहे असं सांगून एसटीत बसला.

वाटेत त्यानं वाक्य जुळवलं. भक्ती, तुझं बरोबर होतं, माझी चूक झाली. आधी तो ते मनात म्हणत होता. मग ओठ हलायला लागले तसा शेजारचा माणूस बघायला लागला. वाक्य चांगलं होतं. म्हातारपणी माणसानं असं वाक्य बोलावं. परभणी सुटली तेव्हा नराच्या निबंधावर तिचं नाव पहिलं होतं आणि त्याचं दुसरं. कापसाची शेतं मागं पडत गेली. मग त्याला वाटलं, चौदा वर्षं जिनं सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही तिचं नाव पहिलं कसं शोभेल, लोक विचारतील. सेलूला गाडी बदलली तेव्हा तिचं नाव दुसरं झालं होतं. वालूरचं देऊळ दिसायला लागलं तेव्हा निबंधावर त्याचं एकट्याचं नाव होतं आणि शेवटच्या आभारात, नमुना उपलब्ध करून दिल्याबद्दल, भक्ती.

पत्ता विचारायचं काम पडलं नाही. स्टँडवर नाव काढताच पानवाल्यानं गिरणीचा आवाज येत होता तिकडं बोट केलं. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी, मागं घर. चार बाया डबे घेऊन उभ्या होत्या. गिरणीच्या तोंडाशी कापडी पिशवीत पीठ धरून एक बाई उभी होती, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, डोक्याला घट्ट फडकं. तिनं मान वर केली आणि तशीच राहिली. मग बटण दाबून गिरणी बंद केली.

"सर?"

ती पुढं आली आणि भर गल्लीत वाकली. त्याच्या काळ्या बुटांवर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उठले.

"असू दे, असू दे," महारुद्र म्हणाला. "सेलूला काम होतं. म्हटलं बघावं, कशी आहेस."

"लय बरं केलंत सर. या, आत या. हे देवगाव फाट्याला गेलेत, मिरचीच्या कांडपाचा पट्टा तुटलाय. ह्या बायांचं दळण तेवढं घालते अन् चहा टाकते. बाबाजवळ बसा. आई गेल्यापून बाबा माझ्याकडंच असतेत."

गिरणीतून घरात जायला बोळ होता. बोळातच एक बाज होती आणि बाजेवर सटवाजी बसला होता. महारुद्रनं त्याला ओळखलं नसतं. खांदे उतरलेले, पायाच्या नडग्या वाळक्या, डोळ्यांच्या कडा पांढुरक्या. त्यानं महारुद्रकडं बघितलं, आणि बाजेवर थोडा सरकून जागा केली. समोरच्या भिंतीत देवळी होती. देवळीत खंडोबाचा टाक, हळद लागलेली एक सुपारी, आणि त्यांच्या शेजारी रबरी बुचाची इंजेक्शनची बाटली. बाटलीत गळ्यापर्यंत स्वच्छ स्पिरिट होतं. तळाशी काहीतरी फिकट, तांदळाच्या कणीएवढं. आत एक कागदाची बारीक चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली: ठिकाण, तारीख, नाव. इतक्या वर्षांत बाटली सुकली कशी नाही?

"बाबा भरतेत," भक्ती चहा घेऊन आली होती. "दर दसऱ्याला जनावराच्या दवाखान्यात जातेत अन् इस्पिरिट मागून आणतेत. डॉक्टर हसतोय त्यांला. मी कितींदा म्हणलं, टाकून द्या. देवाजवळ कुणी किडा ठेवतंय व्हय?"

सटवाजी भिंतीकडं बघत होता. महारुद्रनं चहाचा घोट घेतला. साखर फार होती. वाक्य तयार होतं, जिभेच्या मुळाशी बसलं होतं. भक्ती ज्वारीच्या पोत्यावर टेकली. तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि पिठाखालून ती जुनी, चोवीस वर्षांची भक्ती निघेल असं त्याला क्षणभर वाटलं. निघाली ती एक थकलेली, सावळी बाई.

"सर, एक इचारू? राग नका मानू."

"विचार."

"त्यो खरंच साधा होता का?"

तिनं मान खाली घातली होती. दवाखान्यात रिपोर्ट विचारताना माणसं घालतात तशी. गिरणीत बाया कुजबुजत होत्या. आता फक्त बोलायचं होतं. महारुद्रला तिचा चेहरा उजळलेला दिसला, अजून उजळायचा होता तरी दिसला. ती उठेल, नवऱ्याला फोन लावील, बायांना सांगेल, आणि त्या उजेडात आपल्याला कुठंतरी बाजूला, कोपऱ्यात उभं राहावं लागेल. पण एवढंच नव्हतं. विभागात गेली सहा वर्षं त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. नवी मुलं पायाचा तुकडा काढून प्रयोगशाळेला धाडतात आणि तिथून जात कळून येते. सरांनी काय म्हटलं याची कुणाला गरज उरली नाही. आणि इथं, वालूरच्या गिरणीत, पिठाच्या धुरळ्यात, एक बाई चौदा वर्षं त्याच्या एका शब्दाखाली उभी होती. अजून उभी होती. तो शब्द अजून जड होता. ते वजन हातात आलं आणि त्याला ते खाली ठेववेना.

"साधाच होता," तो म्हणाला.

आणि त्याला बरं वाटलं. उकाड्यात गार फरशीवर पाय टेकावा तसं, तळव्यापासून वर, बरं वाटलं.

भक्तीनं श्वास सोडला. तो इतका लांब होता की तो संपेपर्यंत महारुद्र कप खाली ठेवायचा विसरला. "बरं झालं सर," ती म्हणाली. "लय बरं झालं. तुमाला काय सांगू, येवढी वर्षं हे आत कुरतडायलंय. पीठ धरताना त्येच, भाकरी थापताना त्येच. मला वाटायचं त्यो नवाच होता अन् मीच भेकड निघाले. अजून दोन सालं दम धरला असता तर झालं असतं. खामखा जळत बसले बघा." ती हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या पिठात त्याचे ओघळ उठले. "आता तेवढं बाबाला सांगा. त्यांचं माझ्यावरच खापर. तू सोडून आलीस म्हणतेत. चौदा सालं झाली, माझ्याशी धड बोलत न्हाईत. माझं न्हाई ऐकायचे, तुमचं ऐकतील. जरा मोठ्यानं बोला, कान गेलेत."

बाहेरून बाईनं हाक मारली तशी ती उठली आणि तिनं गिरणी चालू केली. बोळाच्या भिंती थरथरायला लागल्या. महारुद्र सटवाजीच्या कानाशी वाकला. म्हाताऱ्याच्या अंगाला तंबाखूचा आणि धुतलेल्या सदऱ्याचा वास होता. माशाचा अजिबात नव्हता.

"बाबा, तो कोळी साधा होता."

"आं?"

"साधा! सगळीकडे असतो तसा!"

"आं?"

गिरणी दणदणत होती. महारुद्रनं छातीत हवा भरली. गळ्याच्या शिरा फुगल्या. असा तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता, वर्गातसुद्धा नाही. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. गिरणी कण्हल्यासारखी करत थांबली, आणि त्याचा आवाज एकटाच बोळातून गल्लीत गेला. "साधाच होता! काही नव्हतं त्यात!"

डबे घेतलेल्या बाया आत वाकून बघायला लागल्या. भक्ती हातात पिशवी धरून दारात उभी होती.

"वरडू नका सर," सटवाजी म्हणाला. "ऐकू येतंय मला. मघाच आलं."

महारुद्र सरळ झाला. सटवाजीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता. नाव काठाला लागली का, असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

"तुमी बघितला व्हय त्यो?"

"बघितला ना."

"कवा?"

"तेव्हाच. सेमिनारला."

"म्या दारात हुतो," सटवाजी म्हणाला. "मरळ घेऊन. तुमच्या शिपायानं मला भाईर काढलं, पर खिडकीतून दिसत हुतं. तुमी न्हाई वाकला."

गल्लीत एक कोंबडी ओरडत पळाली. महारुद्रला वाटलं, आता भक्ती बघेल आपल्याकडं. तिला कळेल. ती विचारील, आणि विचारलं तर आपल्याला सांगावं लागेल. क्षणभर त्याला तसं व्हावंसंही वाटलं. पण भक्ती बापाकडं बघत होती.

"बाबा, काय बोलायलाव? सर येवढ्या लांबून आले. खोटं बोलायला येतील का कुणी येवढ्या लांबून?"

सटवाजीनं लेकीकडं बराच वेळ पाहिलं. "तुला पटलं?"

"पटलं."

"मग माझं काय," तो म्हणाला. "तुझा हाय त्यो. म्या नुसती नाव वल्हवली."

भक्तीनं हात झटकले, देवळीपाशी गेली आणि बाटली उचलली. महारुद्रच्या हाताची बोटं आपोआप उघडली, पडणारं भांडं झेलायला उघडावीत तशी. बोळाच्या टोकाला मोरी होती. तिनं नखानं बूच काढलं आणि बाटली उलटी केली. स्पिरिटचा वास पसरला, थंड, गोडसर. त्याच्या सगळ्या आयुष्याचा वास. चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात अडकली तेव्हा तिनं काडी घालून ती ओढली, चुरगळून चुलीत टाकली. बाटली विसळली नाही, तशीच ठेवली. परत आली तेव्हा तिच्या चालण्यात काहीतरी सुटं झालं होतं. "आता जेवल्याशिवाय न्हाई सोडायची," ती म्हणाली. "वरणफळं करते. तुमाला चालतेत. कांदा न्हाई घालत."

लाईट आली नाही. बाया डबे ठेवून निघून गेल्या. भक्ती आत कणीक मळताना गुणगुणत होती, आणि सटवाजी बाजेवर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला होता. त्याच्या पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता आले असते. महारुद्र बसून राहिला. त्यानं आपल्या मनाला हात लावून पाहिला. कुठं दुखतंय का? दुखत नव्हतं. भूक लागली होती. ताट आलं तेव्हा त्यानं वरणफळं कुस्करली, वर तूप घेतलं, ठेचा घेतला. "बाबा, उठा," भक्ती म्हणाली. सटवाजी उठला नाही. "राहू दे, रुसलेत. उद्या बोलतील," ती म्हणाली, आणि त्या 'उद्या बोलतील'मध्ये इतका आनंद होता की महारुद्रनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती समोर बसून सांगत होती. आता लेकीला परभणीला शिकायला ठेवायचा विचार आहे. आधी मन घेत नव्हतं, त्या गावाचं नावसुद्धा नको वाटायचं. आता काही वाटणार नाही.

"हात धुवायला पाणी आणते," म्हणून ती आत गेली.

महारुद्र खरकटा उजवा हात वर धरून मोरीपाशी गेला. मोरीच्या फरशीवर, भोकापासून वीतभर अलीकडं, तो चिकटून राहिला होता. पाय आखडलेले, दोन तुटलेले. महारुद्र उकिडवा बसला. डाव्या हातानं त्यानं खिशातलं वीसपट भिंग काढलं, दातांनी त्याचं झाकण सरकवलं, आणि डावा डोळा लावला.

नराच्या तोंडाशी दोन आखूड पाय असतात आणि त्यांच्या टोकाला गाठ. त्या गाठीची घडण ज्या त्या जातीची वेगळी; किल्ली तिच्या कुलपालाच बसावी तशी ती आपल्याच जातीच्या मादीला बसते. दारातून आलेल्या उन्हाचा तुकडा फरशीवर पडला होता. त्या उन्हात गाठ मधासारखी पारदर्शक दिसत होती, आणि तिच्यातून एक काळा आकडा निघाला होता. आकड्याच्या मध्ये खाच होती. त्या दुभंगलेल्या जिभेवर बरोबर बसेल अशी खाच. शंकेला जागाच नव्हती. एवढं स्वच्छ, एवढं नेमकं त्यानं पस्तीस वर्षांत काही पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडून "अरे" असा आवाज निघाला, लहान मुलाच्या तोंडून निघतो तसा.

नुसतं ओलं बोट टेकवायचं. रुमालाच्या घडीत घालायचा. चिठ्ठी गेली होती. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे मातीच, ठिकाण नाही, तारीख नाही, धरणाऱ्याचं नाव नाही. पण चिठ्ठी लिहिता येते. त्याचं अक्षर चांगलं होतं. त्यानं भिंग फरशीवर ठेवलं आणि डावा हात पुढं केला.

"उचला की सर."

आवाज मागून आला, अगदी हळू. सटवाजी बाजेवर कुशीवर वळला होता. पांढुरक्या कडांचे डोळे उघडे होते, आणि ते कधीपासून उघडे होते कुणास ठाऊक.

"उचला," तो म्हणाला. "म्या न्हाई सांगत तिला. जगू द्या त्येला कुठं तरी."

महारुद्रचा हात तसाच राहिला. म्हातारा वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी होती. चौदा वर्षं स्पिरिट भरणाऱ्या माणसाची साधी, उघडी विनवणी, आणि तिच्यामागं आणखी काही नव्हतं. तो शिव्या देता, हसता, तर महारुद्रनं उचलला असता.

"सर, सापडली का मोरी?" भक्ती तांब्या घेऊन आली. "थांबा, म्या घालते पाणी."

महारुद्रनं भिंग उचलून खिशात टाकलं. मग मोरीवर वाकून दोन्ही हात पुढं केले.

"घाल."

तांब्यातून धार आली. बोटांमधलं वरण, तूप, हळद सगळं पिवळं होऊन फरशीवर पसरलं आणि भोकाकडं निघालं. तो खाली बघत नव्हता. तो बोटात बोटं घालून हात चोळत होता, नखांच्या कडा घासत होता, मनगटापर्यंत. तांब्या रिकामा व्हायला आला तशी भक्ती थांबली.

"अजून घाल," तो म्हणाला.